लाइट गेल्यावर मागे उरणारे कुलूप

सिंधुदुर्गात पावसाळा आणि वीज यांचे फारसे सख्य नाही, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला लागून वर सरकले, तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत अनेक दिवस लाइट नव्हती. ते टोकाचे उदाहरण झाले. मिनिटभर जाऊन परत येणारी लाइट मात्र दर पावसाळ्यातली बाब आहे. अशा किनाऱ्यावर अष्टौप्रहर चालवायचा संगणक, मग तो जहाजांचे संदेश टिपणारा असो की पर्जन्यमापकाच्या नोंदी घेणारा, वर्षातून कितीतरी वेळा पूर्वसूचनेशिवाय बंद पडतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या रचनेतला एक वरवर किरकोळ प्रश्न इथे एकदम महत्त्वाचा होतो: लॉक फाइल ठेवायची कुठे? माझे उत्तर असे आहे की जागा ठरवताना आधी त्या फाइलीचे आयुष्य ठरवावे. ज्या प्रोग्रॅमने कुलूप लावले तो जिवंत असेपर्यंत ते टिकावे, आणि तो गेला की त्याच्याबरोबर जावे. ही अट जी जागा पुरी करते ती योग्य.

आधी हे कुलूप करते काय ते पाहू. सीरियल पोर्टला जोडलेले जीपीएस यंत्र ठरावीक अंतराने मजकुराच्या ओळी पाठवत असते. तोच पोर्ट दोन प्रोग्रॅमांनी एकदम वाचायला घेतला, तर आलेले प्रत्येक अक्षर दोघांपैकी एकाच्याच हाती लागते. एकाला ओळीचा पहिला तुकडा मिळतो, दुसऱ्याला उरलेला, आणि दोघांच्याही नोंदी निरुपयोगी होतात. हे टाळण्याची पद्धत युनिक्सवर मोडेमच्या काळात, यूयूसीपी या संदेशवहन प्रणालीपासून रुळली. पोर्ट उघडण्यापूर्वी ‘एलसीके’, मग दोन टिंबे, मग पोर्टचे नाव अशा नावाची फाइल तयार करायची. ‘फाइल नसेल तरच तयार कर’ हा आदेश कर्नेल अखंडपणे पाळतो, त्यामुळे दोघे एकाच क्षणी आले तरी एकालाच यश मिळते. फाइलीत त्या प्रोग्रॅमचा प्रोसेस क्रमांक दहा अक्षरांच्या जागेत लिहायचा, म्हणजे कुलूप कोणाचे ते कळते. या व्यवस्थेत सक्ती कुठेच नाही. जो फाइल बघतच नाही त्याला कोणी अडवत नाही. म्हणून सगळ्यांनी एकाच ठिकाणी पाहणे ही पहिली गरज ठरली. जुन्या युनिक्सांत कोणी ही फाइल यूयूसीपीच्या स्पूल डिरेक्टरीत ठेवी, कोणी वेगळ्या ‘लॉक्स’ डिरेक्टरीत. १९९४ पासून लिनक्सच्या डिरेक्टरी-रचनेचे जे प्रमाणीकरण सुरू झाले, त्यात ‘/व्हार/लॉक’ ही जागा रूढ झाली.

जागा एक झाली, पण ती डिस्कवर होती. डिस्कचा गुण म्हणजे लिहिलेले टिकवणे, आणि इथे तोच नडतो. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम साधारण दर पाच सेकंदांनी बदल डिस्कवर पक्के करते. त्यामुळे सकाळी तयार झालेली लॉक फाइल दुपारी लाइट गेली तरी शाबूत राहते. संगणक पुन्हा सुरू होतो, नोंदी घेणारा प्रोग्रॅम फाइल पाहतो आणि ‘पोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात आहे’ असे म्हणून थांबतो. तो दुसरा म्हणजे त्याचाच मेलेला पूर्वावतार.

यावर पहिला आक्षेप असा की फाइलीत क्रमांक लिहिलेला असतोच. तो क्रमांक जिवंत आहे का ते तपासावे आणि नसेल तर फाइल पुसावी. बहुतेक प्रोग्रॅम हे करतातही. पण संगणक सुरू होताना प्रोसेस क्रमांक दर वेळी एकपासून नव्याने वाटले जातात, आणि सुरुवातीच्या सेवा जवळपास त्याच क्रमाने उठतात. मागच्या खेपेला ८१२ क्रमांक नोंदी घेणाऱ्या प्रोग्रॅमचा होता; या खेपेला तो नेटवर्क किंवा छपाई सांभाळणाऱ्या एखाद्या सेवेला मिळू शकतो. तपासणी सांगते, ८१२ जिवंत आहे. उत्तर खरे असते, निष्कर्ष चुकतो. चालू संगणकात असा योगायोग क्वचितच घडेल. रीबूटनंतर मात्र क्रमांकांची गर्दी त्याच पट्ट्यात होत असल्याने शक्यता वाढते. म्हणजे तपासणीची गरज सर्वांत जास्त असते त्याच वेळी ती सर्वांत कमी भरवशाची असते.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: यूपीएस बसवा, किंवा सुरू होताना ‘/व्हार/लॉक’ रिकामी करणारी स्क्रिप्ट लिहा. यूपीएसची बॅटरी कधीतरी संपतेच, आणि कर्नेल स्वतः कोसळला तर यूपीएसचा उपयोग नसतो. स्क्रिप्टचा उपाय अनेक वर्षे वापरात होता. पण ती ‘/व्हार’ जोडले गेल्यानंतर आणि पहिले कुलूप लागण्यापूर्वी, नेमक्या त्याच फटीत चालली पाहिजे. ‘/व्हार’ वेगळ्या विभाजनावर असेल तर त्याआधीच उठणाऱ्या सेवांना कुलूप लावायला जागाच उरत नाही. तिसरा पर्याय ‘/टीएमपी’ सुचवला जातो. तिथे अनेक सिस्टिमांवर दहा दिवस कोणी न हाताळलेल्या फाइली आपोआप झाडल्या जातात. महिनाभर अखंड चालणाऱ्या नोंदणी-प्रोग्रॅमचे कुलूप तो चालू असतानाच नाहीसे झाले, तर दुसऱ्याला पोर्टवर रान मोकळे. पूर्वी कुलूप मालकामागे उरत होते, आता मालकाआधी जाते.

२०११ मध्ये फेडोरा या लिनक्स वितरणाच्या पंधराव्या आवृत्तीपासून ‘/रन’ ही डिरेक्टरी आली, डेबियननेही ती घेतली आणि २०१५ च्या प्रमाणग्रंथात तिला स्थान मिळाले. ती डिस्कवर नसते. मेमरीत राहणारी फाइल सिस्टिम असते आणि अगदी सुरुवातीलाच तयार होते. आज बहुतेक लिनक्सांत ‘/व्हार/लॉक’ हे नाव नुसता दुवा असून तो ‘/रन/लॉक’कडे नेतो. लाइट गेली की मेमरी पुसली जाते, प्रोग्रॅमही संपतात आणि कुलपेही. झाडलोट करायला कोणी लागत नाही. संगणक हायबरनेट केला तर मेमरीची प्रत डिस्कवर जाते. परत उठताना प्रोग्रॅम आणि त्याचे कुलूप दोन्ही बरोबरच परततात. म्हणजे वीज असण्या-नसण्याशी या जागेचा थेट संबंध नाही. मालकाचे आयुष्य ज्या मेमरीत, तिथेच कुलपाचेही, म्हणून ती बरोबर. छोट्या संगणकांच्या मेमरी कार्डावर लिहिणे कमी होते, हा वरचा फायदा.

याच कसोटीवर सर्वांत गंभीर आक्षेपही तपासता येतो: वीज गेली म्हणून कुलूप विसरणे धोक्याचे नाही का? काही ठिकाणी नक्कीच आहे. कोकण रेल्वेचा कणकवली, कुडाळ, सावंतवाडीवरून जाणारा मार्ग एकेरी आहे. दोन स्थानकांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा तिथला नियम. यंत्रणेची वीज जाऊन आली तर टप्पा मोकळा आहे असे ती गृहीत धरत नाही. खात्री होईपर्यंत तो व्यापलेलाच मानला जातो. कारण उघड आहे: वीज गेल्याने गाडी रुळावरून नाहीशी होत नाही. सामायिक फोल्डरमधल्या लिब्रेऑफिसच्या दस्तऐवजाचेही असेच. त्याची लॉक फाइल दस्तऐवजाशेजारी डिस्कवर असते आणि तिच्यात वापरणाऱ्याचे व संगणकाचे नाव असते. इथली लाइट गेली तरी तो दस्तऐवज दुसऱ्या टेबलावरच्या संगणकावर उघडा असू शकतो. या दोन्ही ठिकाणी मालक एका यंत्राच्या मेमरीबाहेर जगतो, म्हणून कुलूपही बाहेर हवे. यातून मूळ नियमाला बळच मिळते.

‘/रन/लॉक’मध्ये उणिवा नाहीत असे नाही. डेबियनमध्ये ती सर्वांना लिहिण्यास खुली असल्याने कोणीही ती भरून टाकू शकतो. म्हणूनच तिला पाच एमबीची वेगळी मर्यादा घातलेली असते. २०२५ मध्ये लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या २५८ व्या आवृत्तीने तिथे लिहिणे फक्त रूट वापरकर्त्यासाठी राखले. जुने सीरियल प्रोग्रॅम अडू लागले आणि डेबियनच्या तांत्रिक समितीने आपल्यापुरता तो बदल फिरवला. सिस्टिमडीच्या बाजूने असा युक्तिवाद आहे की फाइलीऐवजी पोर्टच्या नोंदीवरच कर्नेलचे ‘फ्लॉक’ घ्यावे. तांत्रिकदृष्ट्या हे अधिक चांगले आहे: प्रोग्रॅम कोणत्याही कारणाने मेला तरी कर्नेल त्याच क्षणी कुलूप काढतो, रीबूटचीही वाट पाहत नाही. एकाच पोर्टची दोन नावे असली तरी फसगत होत नाही. पण पोर्ट वापरणारे सगळे प्रोग्रॅम फ्लॉक पाळेपर्यंत फाइलीची जुनी जागा बंद करणे म्हणजे सगळ्यांनी एकाच ठिकाणी पाहण्याची पहिली अट मोडणे. समितीचा निर्णय मला याच कारणाने योग्य वाटतो.

तेव्हा आपल्या भागात असा संगणक बसवणाऱ्यांनी एवढे करावे. नव्या प्रोग्रॅमात फ्लॉक वापरा. जुन्या प्रोग्रॅमाबरोबर पोर्ट वाटून घ्यायचा असेल तर ‘/रन/लॉक’मधली फाइलही तयार करा. होम डिरेक्टरीत स्वतःची खासगी जागा काढू नका. तिथे दुसरे कोणी बघत नाही आणि लाइट गेल्यावर ती फाइल तशीच उरते. आणि पावसाळा सुरू होण्याआधी एकदा प्रोग्रॅम चालू असताना मुद्दाम प्लग काढून पाहा. लाइट आल्यावर नोंदी कोणी हात न लावता पुन्हा सुरू झाल्या नाहीत, तर पहिल्यांदा लॉक फाइलीची जागा तपासा.