रणदिव्यांच्या संघाला डेरोझन हवा होता का?

2024 च्या जुलैत सॅक्रामेंटो किंग्जने डीमार डेरोझनला घेतलं आणि सॅक्रामेंटोजवळच्या आमच्या फोल्सममधल्या मराठी घरांत दोन तट पडले. एकीकडे माझा नवरा आणि त्याचे शनिवारचे रमीवाले मित्र, दुसरीकडे कॉलेजात जाणारा आमचा मुलगा. दोघंही मलाच पंच करायला बघत होते. हे सगळे टीव्हीपुढचे बास्केटबॉलपटू. नागपूरला कॉलेजच्या संघातून खरोखर खेळलेली घरात मी एकटीच.

किंग्जवर आमच्या मंडळींचा जीव जडला तो विवेक रणदिव्यांमुळे. जुहूत वाढलेले, एमआयटीत शिकलेले रणदिवे 2013 साली मालक झाले, तेव्हा संघ सिॲटलला जायच्या बेतात होता. तो इथेच राहिला. 2019 च्या ऑक्टोबरात किंग्ज आणि पेसर्स मुंबईत वरळीच्या डोममध्ये खेळले. एनबीएचे भारतातले ते पहिले सामने. पण मालकाच्या आडनावावर बास्केट पडत नाही. 2006 नंतर सलग 16 हंगाम हा संघ प्लेऑफमध्ये गेला नव्हता. 2018 च्या ड्राफ्टमध्ये दुसरा क्रमांक हाती असताना लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅगलीला निवडलं, ते दुखणं इथे अजून निघतं.

2023 मध्ये दुष्काळ संपला. 48 विजय, प्रत्येक विजयानंतर घरच्या मैदानावरून, गोल्डन वन सेंटरवरून, आकाशात जाणारा जांभळा झोत, आणि पहिल्याच फेरीत वॉरियर्सकडून सातव्या सामन्यात हार. त्या दिवशी त्यांच्या स्टेफ करीने एकट्याने 50 गुण केले. पुढच्या वर्षी 46 विजय मिळवूनही प्लेऑफआधीच्या प्ले-इनमध्येच गाशा गुंडाळावा लागला. धड वाईट नाही, धड वर सरकतही नाही, असा संघ. वाद पेटतात ते अशाच संघांवर.

डेरोझन आला तेव्हा पस्तिशीला टेकला होता. कॉम्प्टनचा मुलगा, टोरांटोत नावारूपाला आलेला. सगळी एनबीए तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेकायला लागली, तरी हा मधल्या अंतरावरून, अंगावर बचावपटू घेऊन, पाय नाचवत दोन गुण काढतो. आधीच्या हंगामात शिकागोत त्याची सरासरी 24 होती, आणि शेवटच्या मिनिटांत चेंडू द्यावा तर यालाच, अशी ख्याती. नवरा म्हणायचा, "अगं, शेवटी गुण काढणारा माणूस लागतोच की!" मुलाचं उत्तर ठरलेलं: "तो आपल्याकडे आहे, बाबा. डीआरन फॉक्स."

इथे थोडा पैशाचा हिशेब सांगायला हवा. एनबीएत मालकाची तिजोरी कितीही मोठी असो, पगारावर कॅप असते. 2024-25 साठी ती होती 14 कोटी 6 लाख डॉलर. आयपीएलच्या लिलावासारखी ती कडक नसते. स्वतःचे जुने खेळाडू राखायला किंवा अदलाबदलीतून ती ओलांडता येते. किंग्ज आधीच वर होते, म्हणून साइन-अँड-ट्रेड करावं लागलं: शिकागोने डेरोझनशी तीन वर्षांचा, सुमारे 7 कोटी 40 लाखांचा करार करायचा आणि लगेच त्याला सॅक्रामेंटोला धाडायचं. या वाटेने खेळाडू आणला की त्या हंगामात 17 कोटी 81 लाखांची वरची रेषा संघाला काही केल्या ओलांडता येत नाही. पुढे कुणी जायबंदी झाला, तरी खिशात हात घालायची सोय उरत नाही.

बदल्यात किंग्जचा हॅरिसन बार्न्स व्यवहारातल्या तिसऱ्या संघाकडे, सॅन अँटोनियो स्पर्सकडे गेला. शिवाय 2031 साली किंग्ज आणि स्पर्सपैकी ज्याचा ड्राफ्ट क्रमांक चांगला, तो स्पर्सनी घ्यायचा, अशी बोली. रमीवाल्यांनी बार्न्सला हसण्यावारी नेलं. मला तिथेच खटकलं. मागच्या दोन हंगामांत तो 82 पैकी 82 सामने खेळला होता. चेंडू मागायचा नाही, कोपऱ्यात उभा राहायचा, पण त्याला मोकळं सोडलं तर तो तीन गुण घेणार, या धाकाने एक बचावपटू कोपऱ्याला खिळून राहायचा आणि मध्ये वाट मोकळी व्हायची.

त्या मोकळ्या वाटेवरच किंग्जचं सगळं चालायचं. डोमांतास साबोनिस फ्री-थ्रोच्या रेषेच्या टोकाशी चेंडू घेऊन उभा, बाकीचे त्याच्याभोवतीने कापत जाणार, डीआरन फॉक्स वाऱ्यासारखा आत घुसणार. डेरोझनची आवडती जागाही नेमकी तीच, फ्री-थ्रोच्या रेषेचं टोक. जागा एक, चेंडू एक. डेरोझन पूर्वीइतकाच चांगला खेळला, त्या हंगामात 22 च्या सरासरीने गुण केले, हे मी नवऱ्याच्या बाजूने आवर्जून सांगते. माणूस चुकीचा नव्हता. त्याच्याभोवती कोण लागेल, हे आधी ठरवायचं राहिलं.

पुढचं झरझर घडलं. डिसेंबरात 13 विजय, 18 पराभव अशा स्थितीत प्रशिक्षक माइक ब्राऊन यांना काढून टाकलं. फेब्रुवारीत फॉक्सही सॅन अँटोनियोला गेला आणि त्याच व्यवहारात शिकागोहून झॅक लाव्हीन आला. डेरोझन आणि लाव्हीन ही जोडी शिकागोत तीन हंगाम खेळली आणि प्लेऑफला एकदाच पोहोचली. तिथे जे जमलं नाही ते इथे जमेल, असं कशावरून वाटलं असेल? 40 विजय, 42 पराभव, आणि घरच्या मैदानावर प्ले-इनमध्ये डॅलसकडून हार. जनरल मॅनेजर माँटी मॅकनेअर त्याच रात्री पायउतार झाले. नवे जनरल मॅनेजर स्कॉट पेरी आले आणि 2025-26 साठी डेनिस श्रोडर, मग रसेल वेस्टब्रुक. दोघांचीही तिशी उलटलेली.

वेस्टब्रुकची बातमी आली तेव्हा रमीवाले पुन्हा खुलले. 2017 चा एमव्हीपी आणि तोही किमान पगारात, म्हणजे स्वस्तात सोनं, असं त्यांचं मत. मुलाने पत्ते वाटता वाटता यादी म्हणून दाखवली: स्पर्सचा तारा वेंबन्यामा सॅन अँटोनियोत, फॉक्स तिथे, बार्न्स तिथे, आणि 2031 ची ती बोलीही त्यांच्याच खिशात. "आता तरी कबूल करा, बाबा." नवऱ्याने पानं लावली आणि म्हणाला, "2031 ला अजून वेळ आहे. तू टाक."