रिपोर्टवर ‘अनडिफरन्शिएटेड कार्सिनोमा’ आलंय? घरी बसू नका, आधी ब्लॉक मागून घ्या

मानेला गाठ येते, तालुक्याला दाखवतात, तुकडा काढून तपासायला जातो. काही दिवसांनी रिपोर्टवर ‘अनडिफरन्शिएटेड कार्सिनोमा’ असं येतं. घरातलं कुणीतरी मोबाईलवर शोधतं, ‘शेवटची स्टेज आहे’ म्हणून सांगतं आणि पेशंट घरीच राहतो. सगळा घोळ इथंच होतो.

या शब्दावरून स्टेज कळत नाही. कार्सिनोमा म्हणजे त्वचेच्या किंवा अवयवांच्या अस्तरातल्या पेशींपासून सुरू होणारा कॅन्सर. एरवी मायक्रोस्कोपखाली पेशी बघून ती थायरॉईडची की फुफ्फुसाची याचा अंदाज येतो. पण दोन पानांवर असलेलं तण जाणत्यालाही कधी कधी ओळखू येत नाही, तसंच इथं होतं. पेशींचं रूप इतकं बदललेलं असतं की मूळ कळत नाही. असा आजार बहुधा झपाट्यानं वाढतो, हे खरं. पण तो कुठवर पसरलाय ते सीटी किंवा पेट स्कॅन केल्यावरच समजतं.

म्हणून पुढची तपासणी सांगतात ती ‘आयएचसी’. त्याच तुकड्याच्या पातळ कापांवर वेगवेगळ्या अँटीबॉडी लावून कुठला रंग चढतो ते बघतात. सायटोकेरॅटिनचा रंग चढला तर कार्सिनोमाकडे बोट जातं, सीडी४५ चा चढला तर लिम्फोमाकडे. हा फरक लहान नाही. लिम्फोमाचा मुख्य इलाज केमो, आणि त्याचे काही प्रकार पसरलेले असले तरी बरे होतात.

कार्सिनोमाच ठरला तरी जागा शोधावी लागते. मानेत गाठ, एक कान दडलेला, नाकातून रक्त, असं असेल तर मूळ नाकाच्या मागच्या बाजूला असू शकतं. तिथला हा प्रकार रेडिएशनला चांगली दाद देतो. उलट थायरॉईडची गाठ भराभर वाढत असेल, आवाज बसला, श्वास अडकू लागला, तर एक दिवसही थांबू नये. शब्द एकच, इलाज मात्र वेगळा.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या पारावरच्या गप्पांपायी तपासणी टाळू नये. तुकड्याची बाटली लॅबला घरच्यांनाच न्यायला दिली, तर तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडालेला आहे ना, ते विचारा. साध्या पाण्यात तो खराब होतो.

लॅब तो तुकडा मेणात बसवून ठेवते, त्याला ब्लॉक म्हणतात. मोठ्या दवाखान्यात जाताना रिपोर्टच्या जोडीला ब्लॉक आणि काचेच्या स्लाईड मागून घ्या. नुसता कागद नेला तर पुन्हा तुकडा काढायची पाळी येते आणि दोन-तीन आठवडे हातचे जातात. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. भरती व्हायच्या आधीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा.