बुटक्या गव्हाची मोठी करामत

मुलांनो, हिवाळ्यात पांढुर्णा-सौसरच्या शिवारात एक चक्कर मारा. कुठे संत्र्याचे बगीचे, कुठे शेंगांनी लगडलेली तूर आणि विहिरीला पाणी असेल तिथे गहू. ओंब्या आल्या की त्या गव्हाजवळ उभे राहा. कुठवर येतो? फार तर तुमच्या छातीपर्यंत. पण तुमच्या आजोबांच्या लहानपणी गहू थेट त्यांच्या उंचीला टेकायचा!

मग गहू बुटका झाला कसा?

उंच गव्हाला खत वाढवलं की ओंब्या छान भरायच्या. पण लांब काडीला तो भार पेलायचा नाही. वारा सुटला की पीक आडवं! जपानमध्ये मात्र ‘नोरीन १०’ नावाचा एक ठेंगणा गहू होता. रोपात जिबरेलिन नावाचं संप्रेरक असतं. ते रोपाला सांगत राहतं, ‘वाढ, वाढ!’ नोरीनमध्ये अशी जनुकं होती की रोप हा निरोप फारसा मनावरच घेत नाही. काडी आखूड राहते आणि वाचलेलं अन्न दाण्यांत जातं. आहे की नाही गंमत?

नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत हा गुण नव्या वाणांमध्ये आणला. आपल्याकडे एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वाण पारखले. वेळ मोठी कठीण होती. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला. १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य परदेशातून जहाजांनी आणावं लागलं. त्याच वर्षी मेक्सिकोहून १८,००० टन बियाणंही आलं.

पण नुसत्या बियाण्याने भागतं का? शेतकऱ्याच्या जागी बसून विचार करा. खत घ्यायचं, पाणी द्यायचं, राबायचं आणि पीक भरघोस आलं की नेमका भाव पडला तर? म्हणून १९६५ मध्ये दोन संस्था उभ्या राहिल्या. कृषी मूल्य आयोग सरकारला भाव सुचवू लागला आणि भारतीय अन्न महामंडळ धान्य खरेदी करून गोदामांत साठवू लागलं. ‘निदान एवढा भाव मिळेलच’ असं सांगणारा तो हमीभाव. कंट्रोलच्या दुकानात येणारा गहू याच वाटेने येतो.

१९६४-६५ मध्ये देशात सुमारे १२३ लाख टन गहू पिकला होता. आज वर्षाला ११०० लाख टनांहून जास्त पिकतो! आखूड काडीने पीक उभं ठेवलं आणि हमीभावाने शेतकऱ्याची हिंमत.

गव्हाचं कोडं सुटलं, तेलाचं अजून बाकी आहे. आपल्या भागात सोयाबीन होतं, तरी देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. आता सांगा बरं, सोयाबीनच्या रोपात कोणता गुण हवा? आणि तो पेरणाऱ्याला कशाची हमी हवी? दोन्ही उत्तरं शोधा. एक मिळून भागणार नाही!