पोटातल्या बाळाचे ठोके मोजून घ्या



ऊसविकास खात्याने लागणीचे बोलावे, बाळंतपणाचे कशाला, असे कोणी म्हणेल. पण आमच्या घरी जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमची पुतणी वसईत पापडीला दिली आहे. पहिलटकरीण, तब्येत ठणठणीत. पाचवा महिना सरताना तपासणीत बाळाचे ठोके मिनिटाला ५८ भरले. हवेत ११० ते १६०. घरात कुजबुज सुरू झाली. कोणी ग्रहण काढले, कोणी तिने उचललेला हंडा. पोर रडून अर्धी झाली.

रक्त तपासले तेव्हा उलगडा झाला. रोगजंतूंशी लढायला शरीर रक्तात प्रतिपिंडे तयार करते. काहींच्या अंगात ती स्वतःविरुद्धच तयार होतात; कुंपणानेच शेत खावे तशी! त्यातली 'रो' आणि 'ला' नावाची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांना ठोक्याचा इशारा ज्या गाठीतून जातो, तिलाच ती इजा करतात. पाटाला पाणी आहे, पण दारं बुजलं, तर सरी भिजणार कशी? ही वाट पूर्ण बंद झाली की पुन्हा उघडत नाही. इजा बहुधा १६ ते २६ आठवड्यांत होते.

अशा आईचे डोळे-तोंड कोरडे पडते, सांधे दुखतात. पुष्कळदा काहीच जाणवत नाही. अशा शंभर आयांमागे एखाद-दुसऱ्या बाळालाच हा त्रास होतो. यात आईचा काडीचा दोष नाही.

आमच्या नातीला मुंबईत पेसमेकर बसवला. आज ती अंगणभर धावते.

एका बाळाला त्रास झाला, तर पुढच्या खेपेस धोका शंभरात सोळा-अठरा होतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध दहाव्या आठवड्याच्या आत सुरू केल्यास तो निम्म्याहून खाली येतो, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात दिसले. पुतणीने डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घेतले. धाकट्याचे ठोके ठीक आहेत.

तेव्हा सूनबाई-लेकींची तपासणी चुकवू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासूनची. ठोके किती भरले ते विचारा. सांधेदुखी, कोरडेपणा असेल तर न लाजता सांगा.

तोडीला उशीर झाला तर उतारा घटतो. इथल्या उशिराला भरपाई नाही.

कळावे.
— ऊसविकास अधिकारी