आधी हिशेब, मग राजपुत्र!

‘पेमेंटचं काय झालं?’ तीनच शब्द. पण ते टाइप करून सेंड करायला मला पाच महिने लागले. म्हणजे कसं, आधी ‘हाय, कसे आहात?’ लिहायचं, मग एक स्मायली टाकायची, मग ‘सहज आठवण करून देत होते...’ आणि शेवटी सगळं डिलीट करून फोन उलटा ठेवून द्यायचा. फ्रीलान्सर असाल तर हसू नका. तुमचंही हेच होतं!

अशाच एका रात्री, घरभाड्याची तारीख चार दिवसांवर आलेली असताना मी काय केलं? चक्क परीकथा वाचायला घेतली. नाओमी नोविकची ‘स्पिनिंग सिल्व्हर’, २०१८ ची कादंबरी. ‘वाच गं, तुझ्यावरच आहे,’ म्हणत मैत्रिणीनं हातात कोंबली होती. म्हटलं, बर्फ, राजवाडा, देखणा राजा... दोन तास तरी भाडं विसरू. पण बॉस, या बाईनं पहिल्याच पानावर उधारीचा विषय काढला!

मूळ गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. ‘रम्पलस्टिल्टस्किन’. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेली. एक गिरणीवाला राजासमोर फुशारकी मारतो, की माझी मुलगी पेंढ्यापासून सोनं कातते. राजा तिला पेंढ्यानं भरलेल्या खोलीत कोंडतो. सकाळपर्यंत सोनं, नाहीतर मरण. एक बुटका येतो आणि काम करून देतो. पहिल्या रात्री मोबदल्यात गळ्यातला हार, दुसऱ्या रात्री अंगठी. तिसऱ्या रात्री तिच्याकडे काहीच उरत नाही, म्हणून तो पहिलं मूल मागतो. पुढे ती राणी होते, मूल होतं आणि बुटका दारात हजर. माझं नाव ओळखलंस तर मूल तुझं, म्हणतो. ती नाव शोधून काढते, बुटका रागानं थयथयाट करतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

मूल मागणं वाईटच, त्यात वाद नाही. पण सोनं कातलं कोणी? आणि शेवटी रिकाम्या हातानं गेलं कोण?

नोविकची मिर्येम हाच प्रश्न विचारते. ती एका ज्यू सावकाराची मुलगी. गाव लिथ्वास नावाच्या काल्पनिक देशातलं. पूर्व युरोपच्या बर्फाळ खेड्यांची आठवण करून देणारा हा देश. सावकार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे चित्र येईल, त्याच्या बरोब्बर उलट तिचा बाप. बायकोच्या हुंड्याचे पैसे त्यानं गावभर उसने वाटलेत आणि परत मागायची त्याला लाज वाटते. गावातल्या पोरी त्याच्याच पैशांतून नटतात आणि याच्या घरात चूल थंड, आई खोकल्यानं आजारी. मग एक दिवस मिर्येम स्वतःच टोपली घेऊन दारोदार फिरते. रडत नाही, भांडत नाही. फक्त पैसे मिळेपर्यंत दारातून हलत नाही. नाणी नसतील तर धान्य द्या, कोंबडी द्या, पण द्या.

इथे मी पुस्तक मिटलं आणि छताकडे बघत बसले.

माझी आई ब्लाउज शिवायची. फॉल-पिको, पडदे, शाळेचे युनिफॉर्म, सगळंच. तिची एक वही होती. त्यात नावं आणि पुढे आकडे. फार थोड्या आकड्यांवर काट मारलेली असायची. ‘पुढच्या महिन्यात देते हं,’ असं म्हणणाऱ्या काकू आमच्याकडे चहा पिऊन जायच्या. मी विचारलं तर आई म्हणायची, ‘जाऊ दे गं, तोंड कशाला वाईट करायचं?’ पैसे मागणं म्हणजे तोंड वाईट करणं. मास कॉमची डिग्री घेतली, पण या एका वाक्यातून काही सुटका झाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, सावकाराची बाजू काय घेताय? आपल्याकडे तर १९२५ साली बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला, सावकारानं जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची गोष्ट. ते दुःख खरंच आहे. पण युरोपातली गोष्ट थोडी वेगळी. तिथे मध्ययुगात अनेक ठिकाणी ज्यूंना जमीन घेता येत नव्हती, कारागिरांच्या संघांत शिरता येत नव्हतं. उरायचा तो व्यापार नाहीतर सावकारी. गरज पडली की त्यांच्या दारी जायचं आणि फेडायची वेळ आली की त्यांनाच सैतान ठरवायचं, हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालला. नोविकच्या घराण्यात लिथुआनियातले ज्यू आणि पोलंडचे कॅथलिक अशी दोन्ही मुळं आहेत. म्हणून तिनं परीकथेतला तो सोनं-सोनं करणारा ‘वाईट’ बुटका उचलला आणि त्याच्या जागी एक हुशार, चिडलेली मुलगी उभी केली.

आणि मग फॅण्टसी सुरू होते! चांदीचं सोनं करून दाखवेन, असं मिर्येम एकदा जंगलातून जाताना बोलून जाते. तिला म्हणायचं असतं धंद्यातल्या नफ्याबद्दल. ते ऐकतो स्टारिकांचा राजा, बर्फाच्या दुनियेचा मालक. तो तिच्या दारात चांदीची थैली टाकतो. सोनं कर! तीन वेळा, दर वेळी जास्त. मिर्येम ती चांदी सोनाराकडून घडवून घेते, दागिने सरदाराला विकते आणि सोनं मोजून देते. जादू नाही, शुद्ध व्यापार. त्या दागिन्यांमुळे सरदाराच्या साध्यासुध्या मुलीचं, इरिनाचं, थेट झारशी लग्न लागतं आणि झारच्या अंगात तर आगीचा राक्षस! पुढचं सांगत नाही. मूळ गोष्टीतल्या नावाच्या कोड्याचं नोविकनं शेवटी काय केलंय, तेही नाही. तुम्हीच वाचा.

एक मात्र सांगते. या स्टारिकांकडे ‘थँक यू’ला काही किंमत नाही. कोणी काही दिलं तर तितक्याच मोलाचं परत द्यायचं, फुकट घेणं हा अपमान. मला तर तिथला व्हिसाच हवा होता!

पण नोविक मिर्येमला सोपं सोडत नाही. मुलीचं मन थंड पडत चाललंय, म्हणून तिची आई झुरते. आणि वांडा नावाची एक मुलगी आहे, दारुड्या बापाचं कर्ज फेडायला मिर्येमच्या घरी राबणारी. वसुली म्हणजे काय, हे तिच्या डोळ्यांनीही दिसतं. गंमत म्हणजे, मारकुट्या बापापेक्षा तिला हे घर बरं वाटतं. मिर्येम तिला आकडे आणि हिशेब शिकवते, आणि वांडाला तीच खरी जादू वाटते.

दुसऱ्या दिवशी मी मेसेज केला नाही. सरळ त्या ऑफिसात गेले. ‘सर मीटिंगमध्ये आहेत.’ ठीक आहे, बसते. रिसेप्शनच्या सोफ्यावर अडीच तास बसले. हात गार पडले होते, पण उठले नाही. संध्याकाळी २७ हजारांपैकी १५ हजार खात्यात आले. भाडं सुटलं!

आनंदानं घरी येऊन एका जुन्या वहीत माझाच हिशेब मांडला. येणं कोणाकडून, देणं कोणाला. देण्याच्या रकान्यात एक नाव निघालं. त्याच लेखांसाठी चित्रं काढून दिलेली मैत्रीण, ४ हजार. ‘क्लायंटकडून आले की लगेच देते गं,’ असं तिला तीनदा सांगून झालेलं. तिनंही मग विचारणं सोडलं होतं.

म्हणजे मिर्येमच्या गावात माझं घर नेमकं कोणतं होतं, ते कळलं.

तिथल्या तिथे ४ हजार ट्रान्सफर केले. दोन मिनिटांत तिचा रिप्लाय आला. ‘अगं, मी तर विसरूनच गेले होते!’ सोबत स्मायली.

खोटं. असं कोणी विसरत नाही. मला चांगलं माहितेय.