गिनीपिगच्या पिंजऱ्याचा वास आणि रद्दीचा हिशोब

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या गटाची बैठक माझ्या घरी होती. घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, त्यात चौदा जणी. मी हप्त्याचे पैसे मोजत होते आणि समोर बसलेल्या मावशींनी हळूच पदर नाकाला लावला. शेजारचीने मात्र सरळ विचारलं, "ताई, घरात कुठं उंदीर मेलाय का?"

मेला नव्हता. जिवंत होते, दोन, कपाटाशेजारच्या पिंजऱ्यात. उंदीर नव्हे, गिनीपिग. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: सशासारखा गोंडस, पण कान लहान आणि शेपूट नाहीच. पूर्ण वाढला की साधारण किलोभर वजन. मुलगी सुट्टीत मामाकडे गेली होती, मामाने हौसेने घेऊन दिले. नावं ठेवली लाडू आणि चिवडा. हौस मामाची आणि साफसफाई आईची, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या मालकीणकाकू खाली आल्या. बाई चांगल्या आहेत, आवाज चढवला नाही. पण एवढं म्हणाल्या की महिनाअखेरपर्यंत वास गेला नाही तर प्राणी तरी हलवा किंवा खोली तरी बघा. मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती. त्या रात्री ती जेवली नाही.

मग मी काय केलं, ते आधी सांगते, कारण ते कुणी करू नये. पिंजऱ्याच्या तळाला फिनेल टाकून पुसलं. कोपऱ्यात फडक्यात बांधून दोन डांबरगोळ्या ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ शेजारी उदबत्ती लावली. शिवाय दुकानातून २२० रुपयांचा सुगंधी फवारा आणला. दोन दिवस घरात फिनेल, डांबर, मोगरा आणि मुतारी असा चौरंगी वास होता. तिसऱ्या दिवशी चिवडा शिंकायला लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने खाणं सोडलं.

गिनीपिगने दिवसभर खाल्लं नाही तर ते दुखणं 'उद्या बघू' म्हणण्यासारखं नसतं. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं, थांबलं की जिवावर बेततं. ओढणीत गुंडाळून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि मी बरोबर नेलेल्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ताई, खाली वाका. त्याचं नाक जिथं असतं तिथं तुमचं नाक न्या." मी गुडघ्यावर बसून तोंड पिंजऱ्यात घातलं. डोळ्यांना झोंबलं, घसा खवखवला, मी झटकन मागे झाले. उभं राहून मला जो वास 'थोडासा' येत होता, त्यात ते दोघं चोवीस तास श्वास घेत होते. आपलं नाक सवयीचं गुलाम असतं. घरच्या माणसाला घरचा वास कळत नाही, तो पाहुण्याला कळतो.

आता हा वास येतो कुठून? गिनीपिगच्या लेंड्या कोरड्या, तांदळापेक्षा थोड्या मोठ्या असतात. निरोगी प्राण्याच्या लेंडीला जवळजवळ वासच नसतो. वास लघवीचा, तोही ताज्या लघवीचा फारसा नाही. शेतात आपण टाकतो तो युरिया तुम्हाला माहीत आहे. तोच पदार्थ लघवीतही असतो. ओल आणि ऊब मिळाली की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. सार्वजनिक मुतारीजवळून जाताना नाकात झणका बसतो तो अमोनियाचाच. युरिया टाकला की मातीआड करा असं सांगतात ना? उघड्यावर राहिला तर तो याच अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जातो आणि आपले पैसेही उडतात. म्हणजे पिंजऱ्यात आपल्याला दोनच कामं करायची आहेत. लघवी चटकन शोषली गेली पाहिजे, आणि ओली झालेली जागा जिवाणूंना वेळ मिळण्याआधी बाहेर गेली पाहिजे. सुगंधाचं यात काही काम नाही.

माझी आताची पद्धत अशी. तळाला जुना फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स आपल्याकडे किती निघतात ते काय सांगू, एका दादांच्या हसऱ्या चेहऱ्यावर आमचे लाडू-चिवडा वर्षभर नांदतायत. फ्लेक्सच्या कडा बाहेरून दुमडून बांधायच्या, आत राहिल्या तर हे कुरतडून खातात. त्यावर वर्तमानपत्राचे आठ-दहा कागद. त्यावर सुताराकडचा भुसा, तीन बोटं जाडीचा.

भुसा म्हटलं की एक खबरदारी. करवतीचा पिठासारखा बारीक भुसा नको, तो नाकात जातो. रंधा मारताना निघणारे कुरळे छिलके मागायचे. प्लायवूड कापलेल्यातलं काही घ्यायचं नाही, त्यात डिंक आणि रसायनं असतात. आणि ज्या लाकडाला उग्र वास येतो, देवदार किंवा पॅकिंगच्या पेट्यांचं चिडाचं कच्चं लाकूड, तेही टाळायचं. आपल्याला तो वास छान वाटतो, पण त्यातला तेलकट अंश या लहान प्राण्यांना बाधतो. भाताचं तूस मी करून पाहिलं. ते फुकट मिळालं, पण शोषतच नाही, वर टोचतं. नुसते कागदाचे तुकडेही चालतात, फक्त ते रोज बदलावे लागतात. मासिकांचा चकचकीत कागद मात्र बिनकामाचा, पाणी तसंच वर राहतं.

काही घरी भुशाऐवजी जुनं ब्लँकेट घालतात. खाली टॉवेल, वर मऊ ब्लँकेट, म्हणजे ओल खाली जाते आणि पाय कोरडे राहतात. पद्धत चांगली आहे, पण दर तीन-चार दिवसांनी धुणं आलं. आमच्या सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पाणी जपून वापरावं लागतं, तेव्हा मी भुसाच धरते. पाण्यालाही पैसे पडतात, हे हिशोब करताना आपण विसरतो.

खरी बचत कोपऱ्यात आहे. गिनीपिग सगळीकडे लेंड्या टाकतात, पण लघवीसाठी त्यांचे एक-दोन कोपरे ठरलेले असतात, बहुतेक करून जिथे बसून गवत खातात तिथे किंवा लपायच्या खोक्यात. दोन दिवस नीट पाहिलं की कळतं. त्या कोपऱ्यात मी जुनी उथळ प्लॅस्टिकची पाटी ठेवली, त्यात भुसा दुप्पट आणि वर गवत. खातात तिथेच, मुततात तिथेच. सकाळी चहा ठेवला की जुन्या उलथन्याने ओला भुसा काढून टाकायचा, संध्याकाळी दिवे लागताना पुन्हा एकदा. एका वेळेला तीन मिनिटं लागतात. बाकीचा पिंजरा चौथ्या दिवशी बदलते. आधी मी आठवड्यातून एकदा सगळं फेकून सगळं नवीन घालत होते. त्यात भुसा जास्त जायचा आणि पाचव्या दिवसापासून वास यायचाच.

पाण्याच्या बाटलीकडेही लक्ष द्या. आमची बाटली थेंबथेंब गळत होती आणि मी सगळा दोष लघवीला देत होते. बाटलीखाली मातीची पणती ठेवली, प्रश्न मिटला. संध्याकाळी उरलेली काकडी, कोथिंबिरीचे देठ उचलून घ्यायचे, तेही रात्रीत कुजतात.

आता धुण्याचं. गिनीपिगच्या लघवीत चुन्याचा अंश बराच असतो, वाळली की तळाला पांढरा थर बसतो. तो साबणाने जात नाही आणि वास त्यात धरून राहतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यावर शिंपडायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, घासून धुवायचं आणि पिंजरा कडक उन्हात वाळवायचा. पिंजरा उन्हात ठेवायचा, प्राणी नाही! आपल्या चाळीस अंशांच्या उन्हात गिनीपिग थोड्याच वेळात दगावू शकतो, त्याला तिशीच्या पुढची उष्णताच सोसत नाही.

व्हिनेगरच का, तर ते आंबट आहे. अमोनिया खारट जातीचा, आंबटाशी गाठ पडली की तो बांधला जातो, हवेत उडत नाही. म्हणूनच राख किंवा चुना टाकायचा आपला जुना उपाय इथे उलटा पडतो. दोन्ही खार आहेत, त्यांनी अमोनिया आणखी सुटतो. शिवाय राखेची धूळ नाकात जाते आणि चुन्याने पाय भाजतात ते वेगळंच. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर छान फेस येतो, मोबाइलवर त्याचे पुष्कळ व्हिडिओ आहेत. पण फेस येतो म्हणजे दोघांची ताकद एकमेकांत संपते. आंबट एकटंच वापरा.

आणि हे नीट ऐका. लघवीच्या थरावर ब्लिचिंग पावडरचं पाणी किंवा कपड्यांचं ब्लीच ओतू नका. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. बंद मोरीत तो प्राण्याला तर बाधेलच, तुम्हालाही बाधेल. व्हिनेगर आणि ब्लीचही एकत्र करायचं नाही, त्यातूनही विषारीच वायू निघतो.

वासाचा एक भाग खाण्यातूनही येतो. माझ्या गटातल्या दोघी-तिघी शेळ्या पाळतात, त्यांच्याकडून मी हौसेने लसूणघास आणत होते. तेव्हा लघवी घट्ट, पांढरी आणि थर भराभर. लसूणघासात चुना जास्त असतो, तो वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना रोज नको. त्याऐवजी हराळी किंवा मारवेलीचं वाळलेलं गवत दिवसभर समोर हवं. बांधावरचं आणताना तणनाशक मारलेलं नाही ना एवढं विचारून घ्यायचं. माणसासारखंच गिनीपिगला क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते रोज बाहेरून द्यावं लागतं. ढोबळी मिरचीची एक फोड, कोथिंबीर किंवा पेरूचा लहान तुकडा पुरतो. प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या पेरूकडचा, आणि पेरू दिसला की आमचा लाडू शिट्टी मारतो.

नर-मादी एकत्र असतील तर वासाचा कोणताही उपाय टिकणार नाही, कारण दोनाचे पाच कधी होतात कळत नाही. साधारण दोन महिन्यांत पिल्लं होतात आणि व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करायची. घेतानाच डॉक्टरांकडून नर-मादीची खात्री करून घ्या, विकणाऱ्यालाही पुष्कळदा ओळखता येत नाही. जागेचंही तसंच. दोघांना निदान अडीच फूट बाय तीन फूट मोकळा तळ हवा. काचेची पेटी नको, तिच्यात हवा कोंडते. तळाला नुसती जाळी नको, पायाला जखमा होतात.

एवढं करूनही अचानक वेगळा, उग्र वास आला, लघवी लाल दिसली, लघवी करताना प्राणी ओरडला किंवा मागचा भाग ओला राहिला, तर तो पिंजऱ्याचा प्रश्न नाही, दवाखान्याचा आहे. पावसाळ्यात अशा ओल्या भागावर माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात, म्हणून रोज उचलून बघायचं. घरातल्या माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्यांचा तुकडा तर कधीच देऊ नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधं पोटात गेली तर हा प्राणी मरू शकतो.

आता पैशाचं. आधी मी दुकानातला तयार भुसा घेत होते, ३८० रुपयांची पिशवी, महिन्याला दोन. वर २२० चा फवारा. एकूण ९८० रुपये, म्हणजे आमच्या गटातल्या जवळजवळ पाच जणींची महिन्याची बचत. आता सुताराकडचं पोतं २० रुपयांना, महिन्याला दोन. व्हिनेगर ३० चं. रद्दी घरची पुरत नाही म्हणून वरची ३० ची घेते. झाले १००. निघालेला ओला भुसा दारातल्या कढीपत्त्याजवळच्या खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर जातो.

मालकीणकाकू त्या महिनाअखेरीला आल्या, पिंजऱ्याजवळ दोन मिनिटं उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. भाडं घेऊन गेल्या. हल्ली कधी कधी कोथिंबिरीचे देठ वरून पाठवतात.

चिवडा बरा व्हायला अकरा दिवस लागले. थंडीत अजून कधीमधी शिंकतो, तेव्हा मी आधी गुडघ्यावर बसून पिंजऱ्यात नाक घालते.

कोंबड्यांच्या खुराड्याचं काय, असं गेल्या वेळी एका ताईंनी फोन करून विचारलं होतं. ओल काढा, हवा खेळती ठेवा, हे तिथेही लागू आहे. पण कोंबडीची विष्ठा आणि लघवी एकत्रच पडते, त्यामुळे तिथे फक्त कोपरा साफ करून भागत नाही, सगळा थर उलटापालटा करावा लागतो. त्यावर पुढच्या बुधवारी याच वेळेला बोलू. तोवर खुराड्यात तुम्ही काय टाकता, राख की चुना की भुसा, ते लिहून ठेवा.