गाडीचा धक्का आणि मनाचा तोल

दरवर्षी २५ डिसेंबरला देहूरोडच्या बुद्धविहारात आपला समाज मोठ्या संख्येने जमतो. १९५४ साली याच दिवशी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. एके काळी आपली माणसे तेथे लोकलने, एस.टी.ने, नाही तर पायी येत. आज विहाराच्या आसपास दुचाकी-चारचाकींना जागा पुरत नाही. शिक्षणामुळे नोकऱ्या मिळाल्या, नोकरीमुळे कर्ज मिळाले आणि कर्जातून दारात गाडी आली. ही कष्टाची कमाई आहे आणि तिचा आनंदच आहे. परंतु गाडी चालवायला जसे शिकलो, तसे गाडीचा धक्का लागल्यावर कसे वागावे हे आपण शिकलो आहोत काय?

लोणावळा-मावळ भागात हा प्रश्न नेहमीचा आहे. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे किंवा कार्ला-भाजे लेण्यांकडे जाऊन पाहावे. दोन गाड्यांमध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा असते. अशा दाटीत गाडी मागे घेताना कोणाचा आरसा मोडतो, कोणाच्या दाराला पोचा पडतो. नुकसान काही शे रुपयांचे किंवा फार तर काही हजारांचे असते. पण त्यावरून होणारे भांडण शिवीगाळीवर आणि हाणामारीवर जाते. सहलीला आलेली लेकरे भेदरून पाहत राहतात.

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब कार्ल्याची लेणी पाहायला गेलो होतो. परत निघताना पाऊस लागला होता, मागची काच धूसर झाली होती. गाडी मागे घेताना बारीक आवाज झाला. उतरून पाहिले तर उभ्या स्कूटरचा इंडिकेटर फुटला होता. आजूबाजूला कोणीही नव्हते. मी क्षणभर उभा राहिलो आणि गाडीत बसून निघून आलो. कार्ला फाट्यावर चहाला थांबलो, तर मुलगी वडापावला हात लावीना. ती एवढेच म्हणाली, "पप्पा, तो माणूस आल्यावर त्याला काय वाटेल?" मी गाडी वळवली. वाहनतळावर पोहोचलो तेव्हा स्कूटर निघून गेली होती. तिचा क्रमांकसुद्धा मी पाहून ठेवला नव्हता.

त्यानंतर मी कायदा वाचला, विम्याच्या कचेरीत चौकशी केली. जे समजले ते आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे थांबणे. गाडी बंद करावी, हँडब्रेक लावावा आणि कोणाला लागले आहे काय हे आधी पाहावे. पत्रा नंतर, माणूस आधी. कोणी जखमी असेल तर दवाखान्याची सोय करणे हे चालकाचे पहिले कर्तव्य आहे. मदतीसाठी ११२ या क्रमांकावर फोन करता येतो.

दुसरी गोष्ट वाणीची. चूक आपली असेल तर "माफ करा, माझे लक्ष चुकले" एवढे म्हटल्याने कमीपणा येत नाही. चूक समोरच्याची असली तरी "डोळे फुटले का?" या वाक्याने फुटलेला दिवा जुळत नाही. समोरच्याच्या गाडीची चावी काढून घेणे, लायसन्स हिसकावणे, जागेवरच वाटेल ती रक्कम मागणे, याचा अधिकार कोणाही खासगी माणसाला नाही. वादात कोणी जातीवर घसरलेच, तर आपण हात उचलू नये. भरचौकात जातीवरून अपमान झाल्यास त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. साक्षीदारांची नावे घेऊन पोलिस ठाणे गाठावे. हात उचलला की आपलीच बाजू लंगडी पडते.

तिसरी गोष्ट नोंदीची. गाड्या हलवण्यापूर्वी मोबाईलवर दोन-चार छायाचित्रे काढावीत. त्यांत दोन्ही गाड्यांचे क्रमांक, नुकसान आणि आजूबाजूची जागा दिसावी. मग गाड्या बाजूला घेऊन वाट मोकळी करावी. नाव, फोन, गाडीचा क्रमांक आणि विमा कंपनीचे नाव एकमेकांना द्यावे.

आता मालक जागेवर नसेल तर? आपली खरी परीक्षा येथेच होते. आधी त्या गाडीचा क्रमांक लिहून घ्यावा. थोडा वेळ वाट पाहावी, वाहनतळावरील पावती फाडणाऱ्याला किंवा जवळच्या दुकानदाराला विचारावे. तरीही कोणी आले नाही, तर आपले नाव, फोन आणि गाडीचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून ती वायपरखाली किंवा हँडलला लावावी. आपल्याकडचा पाऊस लक्षात घेता चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावी. त्यानंतर पोलिस ठाण्यात कळवावे.

पुष्कळांची अशी समजूत आहे की, माणूस जखमी झाला तरच पोलिसांना कळवायचे असते. ती बरोबर नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३४ मध्ये दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचाही उल्लेख आहे. जागेवर पोलिस नसल्यास चालकाने जवळच्या पोलिस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, घटना कळवली पाहिजे. तसेच विमा कंपनीलाही लेखी कळवले पाहिजे. हे न केल्यास कलम १८७ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीने ही शिक्षा वाढली. थोडक्यात, धक्का लागणे ही चूक असते. पळून जाणे हा गुन्हा होतो. आपल्या भागात लोणावळा, कामशेत, वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे, तर तळेगाव दाभाडे व देहूरोड ही ठाणी २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे आहेत. हे आयुक्तालय कोणते याचा घोळ चालकाने घालू नये. जे ठाणे जवळ, तेथे जावे.

विम्याबाबतही गैरसमज आहेत. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देण्यासाठी असतो. आपल्या गाडीचा पोचा त्यात येत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते. वर्षभर क्लेम घेतला नाही, तर पुढील हप्त्यातील स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर २० टक्के सूट मिळते आणि ती पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत वाढते. क्लेम घेतला की ही सूट जाते. म्हणून किरकोळ नुकसान पदरमोड करून भरणे पुष्कळदा स्वस्त पडते. मात्र क्लेम घ्यायचा असेल, तर कंपनीला विचारल्याशिवाय समोरच्याला भरपाईचे वचन देऊ नये आणि कंपनीने गाडी पाहण्यापूर्वी ती दुरुस्तीला टाकू नये. पॉलिसीच्या अटींत तसे असते. माफी मागणे वेगळे आणि रकमेचे वचन देणे वेगळे, हा फरक ध्यानात ठेवावा.

आपसांत मिटवायचे ठरल्यास गॅरेजवाल्याकडून खर्चाचा अंदाज घ्यावा. तारीख, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे क्रमांक, दिलेली रक्कम आणि "यापुढे कोणाचीही मागणी नाही" असे कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. तोंडी मिटलेली प्रकरणे आठ दिवसांनी पुन्हा उकरली जातात.

विद्यार्थिमित्रांना एक सांगणे आहे. लायसन्स नसताना मोठ्या भावाची दुचाकी काढू नका. १८ वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ पासून पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणीही वर्षभर रद्द होते. तुमच्या एका फेरीसाठी आई-वडिलांना कोर्टाची पायरी चढावी लागू नये.

आपण विहारात पंचशील ग्रहण करतो. खोटे बोलणार नाही, दुसऱ्याचे न दिलेले घेणार नाही, असे म्हणतो. दुसऱ्याचे नुकसान करून भरपाई न देता निघून जाणे, हेही त्याच्या खिशातून न विचारता काढून घेणेच आहे. ज्या कार्ल्याच्या वाहनतळावर मी चुकलो, तेथून वर चैत्यगृहात गेले की खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आणि गावे कोरलेली दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वी त्या माणसांनी चांगल्या कामाखाली आपले नाव लिहिले. आपल्याला गरज पडल्यास एका चिठ्ठीवर, आपल्या चुकीखाली नाव लिहायचे आहे. ते काम जास्त अवघड आहे, पण धम्म आचरणात आणायचा तो अशाच जागी.

बँकेत हिशेब जुळला नाही तर आम्ही घरी जात नाही. त्या स्कूटरवाल्याचे देणे मात्र माझ्याकडे अजून बाकी आहे आणि ते फेडायला मला माणूस सापडत नाही. असे खाते आपल्यापैकी कोणाच्याही नावावर न उघडो, एवढीच इच्छा.

नमो बुद्धाय! जय भीम!